मुदत कंपनीची, मुहूर्त आपला

डोंबिवलीत फडके रोडपासून दोन मिनिटांवर एक छोटं डीटीपीचं दुकान आहे. ऑक्टोबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात मी तिथे गेलो, तेव्हा टेबलावर लग्नपत्रिकांची तीन प्रूफं पडली होती, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची. संगणकाच्या पडद्यावर मात्र पत्रिका नव्हती. विंडोज १०ची मुदत संपत आल्याची भलीमोठी सूचना होती आणि खाली दोन बटणं. दुकान चालवणाऱ्या ताईंनी माउसवरचं बोट न उचलता विचारलं, "दादा, दाबून टाकू का? रोज येतंय हे."

मी म्हटलं, "आज नको. पण दिवाळी झाल्यावर नक्की."

ठाण्यापासून कल्याणपर्यंत हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. विचारणाऱ्यांत सीए आहेत, क्लासवाले आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. सगळ्यांना सांगायचं ते एकच. मुदत कंपनी ठरवते आणि ती चुकत नाही. त्या मुदतीच्या आत कोणता दिवस धरायचा, तो मुहूर्त मात्र आपलं काम बघून आपणच काढायचा.

अपडेट वेगळं, अपग्रेड वेगळं

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे आपल्याकडे त्या रात्री साडेदहा-साडेअकराला येतात आणि बुधवारी दुकान उघडलं की 'रीस्टार्ट करा' म्हणून मागे लागतात. हे अपडेट. पावसाळ्याआधी गच्चीची गळती काढतो तसं हे काम, घर तेच राहतं.

अपग्रेड म्हणजे विंडोज १०चं ११ होणं, किंवा ११चीच एक आवृत्ती जाऊन पुढची येणं. हे इमारत पुनर्विकासाला जाण्यासारखं आहे. पत्ता तोच, सामान तेच, पण किल्ल्या नव्या, भिंती नव्या आणि आजीचं एखादं कपाट नव्या दारातून आत जातच नाही. अपडेटला फार विचार करावा लागत नाही. अपग्रेडला करावा लागतो. हा लेख मुख्यतः दुसऱ्याबद्दल आहे.

आधी तारखा बघा

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ला. त्याची नियमित मुदत संपली १४ ऑक्टोबर २०२५ला, मंगळवारी. शुक्रवारी वसुबारस होती. म्हणजे आपल्या छापखान्यांची आणि दुकानांची ऐन धावपळ चालू असताना.

घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाच्या सुरक्षा दुरुस्त्या जाहीर केल्या, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यासाठी विंडोज १०ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. आपोआप काहीच होत नाही, नोंदणी करावीच लागते. हे अनेकांना माहीत नाही. संगणक चालू आहे म्हणजे दुरुस्त्याही येत असतील, असं ते समजून चालतात.

विंडोज ११वाल्यांनीही निर्धास्त राहू नये. होम आणि प्रोच्या २४एच२ आवृत्तीची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६लाच संपते, २५एच२ची १२ ऑक्टोबर २०२७ला. फरक इतकाच की २४एच२वरून २५एच२वर जाणं अगदी हलकं आहे, एका रीस्टार्टचं काम.

'चालतंय ना' हे उत्तर का पुरत नाही

मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही. टॅली उघडते, प्रिंटर छापतो, यूट्यूब चालतं. क्रोमही आणखी काही काळ अपडेट होत राहतं. त्यामुळे काही बदललंच नाही असं वाटतं. बदलतं ते एवढंच की त्यानंतर सापडणारं प्रत्येक छिद्र कायमचं उघडं राहतं.

"अँटीव्हायरस आहे की," असं बरेच जण सांगतात. पुण्यातल्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभं केलेलं क्विक हील आपल्याकडे घरोघरी आहे. असा अँटीव्हायरस जरूर ठेवावा. पण तो दारावरचा पहारेकरी झाला, भिंतीला पडलेलं भोक त्याला बुजवता येत नाही. ते काम ज्याने भिंत बांधली त्याचंच.

आणि जुनी व्यवस्था शेवटी जाते ती ब्राउझरच्या वाटेने. विंडोज ७ची मुदत १४ जानेवारी २०२०ला संपली, तरी इथल्या कितीतरी ऑफिसांत ते पुढे तीन वर्षं सुखाने चाललं. मग २०२३च्या सुरुवातीला क्रोमने ७ आणि ८.१साठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. त्यानंतर वेबसाइटी एकेक करून कुरकुरू लागल्या आणि लोकांना घाईघाईत, भर कामात यंत्रं बदलावी लागली. ती घाई टाळणं आपल्या हातात आहे.

आठवडाभर थांबा, दोन महिने नको

"नवीन आलं की लगेच घ्यावं का?" याचं उत्तर दोन घटनांत आहे.

पहिली २०१७ची. विंडोजमधल्या एका गंभीर छिद्राची दुरुस्ती १४ मार्चला आली. १२ मेला वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, तो त्याच छिद्रातून. बाधित संगणकांत सर्वाधिक विंडोज ७चे होते, म्हणजे मुदत शिल्लक असलेले. दुरुस्ती हातात होती, ती कुणी टाकली नव्हती. पुढच्या महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. पसरण्यासाठी त्यानेही इतर वाटांबरोबर हेच छिद्र वापरलं. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्याने जगभर झोपवली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. ठाण्याहून दीडेक तासावरच्या बंदरात कंटेनर अडकून पडले.

दुसरी घटना उलट बाजूची. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज ११साठी आलेल्या मासिक अपडेटमुळे रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. संगणक अडला तर तो दुरुस्त करायची वाटच बंद. दुरुस्ती आली २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या दिवशी. ज्यांनी आठवडाभर दम धरला, त्यांना या भानगडीचा पत्ताही लागला नाही.

म्हणून माझा नियम असा. मासिक अपडेटला सात ते दहा दिवस थांबावं. विंडोज अपडेटमध्ये 'पॉझ' हे बटण त्यासाठीच आहे, ते पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येतं, पण तेवढं लांबवू नये. अपग्रेडला मात्र चार-सहा महिने थांबणं शहाणपणाचं आहे. यात भित्रेपणा काही नाही. उबुंटू ही लिनक्सची प्रसिद्ध आवृत्ती बनवणारे स्वतःच तसं करतात. दीर्घ मुदतीची नवी आवृत्ती एप्रिलमध्ये येते, पण जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवाल्यांना ती सुचवली जाते पहिली सुधारित प्रत निघाल्यावरच. २४.०४च्या वेळी ती ऑगस्टअखेर निघाली.

यंत्र पात्र आहे का?

विंडोज ११ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते असं कागदावर आहे. प्रत्यक्षात ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ चालवणं म्हणजे रोज सकाळी दहा मिनिटं पडद्याकडे बघत बसणं.

खरी अट प्रोसेसरची. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'वर जा आणि नाव वाचा. आय५-८२५०यू असं असेल तर डॅशनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे चालेल. आय५-७२००यू असेल तर नाही. आकडा पाच अंकी असेल, उदाहरणार्थ १०२१०, तर पहिले दोन अंक वाचायचे: दहावी पिढी. ढोबळ मानाने २०१८ आणि नंतरची यंत्रं बसतात, आधीची बसत नाहीत.

इथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. नौपाड्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात तीन वर्षं वापरलेला असेंबल्ड पीसी होता, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, दहाव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं साधन म्हणालं, हा संगणक पात्र नाही. ऑफिसने नव्या यंत्राचं कोटेशनही मागवलं होतं. मी डिलीट की दाबत संगणक चालू केला, बायॉसमध्ये शिरलो. सुरक्षेच्या पानावर 'इंटेल पीटीटी' असं लिहिलं होतं आणि पुढे 'डिसेबल्ड'. विंडोज ११ला जी टीपीएम नावाची सुरक्षा चिप लागते, तीच प्रोसेसरमध्ये पीटीटी म्हणून असते. एएमडीत तिला एफटीपीएम म्हणतात. ते 'एनेबल्ड' केलं, पुन्हा तपासलं, हिरवी खूण. एक पैसा न घालता काम झालं. त्यामुळे 'पात्र नाही' हे वाचून लगेच खिशात हात घालू नका. कारण कोणतं दिलंय ते आधी वाचा.

मराठी मजकूर: सगळ्यात मोठा घात इथे

अपग्रेडबद्दल इंग्रजीत ढिगाने लिहिलं जातं, पण आपल्या लोकांचं नुकसान जिथे होतं त्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

आपला मराठी मजकूर दोन प्रकारांचा आहे. एक युनिकोड. यात 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी खरोखर 'क' असतं, फॉन्ट कोणताही लावा. दुसरा जुना प्रकार, श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांचा. यातल्या बहुतेक फाइलींत आत रोमन अक्षरं किंवा चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की उरतात निरर्थक रोमन अक्षरं. वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं या स्वरूपात इथल्या दुकानांच्या डिस्कवर पडून आहेत. त्यातली पुष्कळशी पेजमेकरमध्ये, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ची.

अपग्रेडमध्ये फॉन्ट सहसा जागेवर राहतात. पण दुकानातले तंत्रज्ञ बऱ्याचदा अपग्रेड न करता डिस्क पुसून नवं विंडोज टाकतात, कारण ते सोपं पडतं. मग फॉन्ट जातात. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डर आधी अख्खा बाहेर कॉपी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण डोंगलची. जुनी मराठी सॉफ्टवेअरं यूएसबी डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ची 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा अडवू शकते. अपग्रेडआधी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून एवढंच विचारा: माझ्या आवृत्तीचा डोंगल ६४ बिट विंडोज ११वर चालतो का, आणि नवा ड्रायव्हर कुठे मिळेल? ६४ बिट हा शब्द महत्त्वाचा, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. डॉसवरचे फॉक्सप्रोतले जुने प्रोग्राम ३२ बिट विंडोज १०वर चालत होते. सोसायट्यांची बिलं, वाचनालयांच्या नोंदी अजून त्यांत आहेत. ते ११वर थेट चालणार नाहीत.

युनिकोडवाल्यांसाठी एक लहानशी पण हैराण करणारी गोष्ट. वर्डमधली जुनी पत्रं 'मंगल' फॉन्टमध्ये असतात. हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला, विंडोज २०००पासून आपल्या सरावाचा. विंडोज १०पासून तो मूळ संचात नसतो. नव्या यंत्रावर जुनं पत्र उघडलं की दुसराच फॉन्ट लागतो, ओळी सरकतात, एका पानाचं पत्र दीड पानांचं होतं. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह सगळे परत येतात.

टायपिंगचंही असंच. गुगलचं विंडोजवरचं इनपुट टूल्स केव्हाच बंद झालंय. जुनी फाइल कुठून तरी उतरवून ते टाकण्याचा हट्ट सोडा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात.

टॅली, डिजिटल सही आणि प्रिंटर

टॅलीचा डेटा फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच बघून ठेवा आणि वेगळा कॉपी करा. डिजिटल सही टोकनमध्ये असते, ती जात नाही, पण टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागू शकतो. त्याचा पासवर्ड आठवतोय ना, याची खात्री आधीच करा. प्रिंटरच्या नावासमोर विंडोज ११चा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का, तेही आधी बघा.

मुहूर्त कसा काढायचा

कामाची दिनदर्शिका समोर ठेवा आणि जे दिवस निषिद्ध ते आधी खोडा. जीएसटीचं काम करणाऱ्यांना ७ तारखेला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी. त्यामुळे त्यांचा सुरक्षित काळ २१ ते महिनाअखेर, आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर पूर्ण वर्ज्य. सोसायट्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर नको. क्लासवाल्यांना मे महिना बरा.

पत्रिका छापणाऱ्यांसाठी २०२६ साल विशेष सोयीचं आहे. ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक मासात लग्नं होत नाहीत, कामाचा रेटा उतरतो. तो महिना साधला नाही तर आषाढी एकादशीनंतरचे काही दिवस. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मात्र थांबू नका. ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, दिवाळी अंकांची छपाई तेव्हा भरात असते आणि त्या दिवसांत तंत्रज्ञ फोन उचलत नाहीत.

दिवस ठरला की वेळ. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करा, म्हणजे अख्खा दिवस हाताशी राहतो. महावितरणचा, किंवा मुंब्रा-दिव्याकडे टोरंटचा, वीज बंदचा मेसेज आलाय का ते पाहा. अपग्रेड अर्ध्यात असताना वीज गेली तर यंत्र उघडेलच याची हमी नाही. पीसीला यूपीएस हवा, लॅपटॉप चार्जिंगला लावलेला हवा.

आदल्या दिवशी

सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

यानंतरची गोष्ट कृपा करून काळजीने वाचा. नव्याने टाकलेलं विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाते. तंत्रज्ञाने घाईत स्वतःचा ईमेल घालून संगणक सुरू करून दिला, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे राहते. वर्षभराने यंत्राने ती मागितली आणि तो माणूस सापडला नाही, तर आतला एकही फोटो परत मिळत नाही. कल्याणच्या एका कुटुंबाचे मुलीच्या बारशापासूनचे फोटो असे गेलेले मी पाहिलेत. खातं तुमच्याच ईमेलचं घाला आणि ते ४८ अंक कागदावर लिहून घरच्या फायलीत ठेवा.

अपग्रेड झाल्यावर पहिल्या दहा दिवसांत 'गो बॅक' करून जुन्या विंडोजवर परतता येतं. नंतर ती सोय जाते. त्या दहा दिवसांत प्रत्येक सॉफ्टवेअर उघडा, प्रत्येक प्रिंटरवर एक पान काढा, डिजिटल सहीने एकदा लॉगिन करून बघा.

यंत्र बसतच नसेल तर

अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत. धंद्याच्या यंत्रावर त्या करू नयेत, पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचं काम आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी वापरला जाणारा जुना लॅपटॉप असेल, तर लिनक्स मिंट उत्तम. फुकट आहे, जुन्या यंत्रावरही हलकं चालतं. टॅली, जुनं मराठी डीटीपी किंवा कॅननच्या एलबीपी २९००सारखा प्रिंटर ज्यांच्या कामाचा कणा आहे, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. नवं यंत्र घ्यायचंच असेल तर हेही लक्षात घ्या की २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत. वापरलेला, आठव्या-दहाव्या पिढीचा कंपनी लॅपटॉप अनेकांना पुरेसा होतो.

आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या सीएनसीला किंवा पॅथॉलॉजी लॅबच्या यंत्राला जोडलेला संगणक? त्याला हात लावू नका. यंत्राच्या निर्मात्याने सांगितल्याशिवाय तो बदलायचा नाही. फक्त त्याची नेटची केबल काढून ठेवा.

फडके रोडच्या ताईंनी त्या दिवशी नोंदणी करून वर्षभराची मुदत घेतली. त्यांचा लॅपटॉप नवव्या पिढीचा आहे, डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळालाय, फॉन्ट्सचा फोल्डर पेनड्राइव्हवर आहे. अपग्रेडसाठी त्यांनी अधिक महिन्यातला एक दिवस धरलाय.

तुम्हीही आज संगणक बंद करण्याआधी विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर करा. जी आवृत्ती दिसेल तिची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या अलीकडचा एक मोकळा दिवस आत्ताच गोल करून ठेवा.